बोळकी मशीन

रुक्माबाईचं एक ठाम मत होतं आणि ते ती कोणी न विचारताही सांगायची. सुईला दोरा लागतो, दोऱ्याला हात लागतो, बाकी जे काही आहे ते दुकानदाराच्या पोटापाण्यासाठी आहे. त्यामुळे तिच्या मुलाने, लोकेशने, सालेकशाहून आणलेलं पार्सल सुनेने, अल्काने, ओसरीवर फोडलं आणि एकेक वस्तू चटईवर मांडायला घेतली, तेव्हा रुक्माबाईने उन्हात शेकत धरलेले हात पदराखाली घेतले आणि तोंड उघडलं.

"एवढं कायले बलावलीस व? मशीनचं लगन लावून राहिली का?"

अल्का नुसती हसली. नऊ वर्षं झाली होती तिला या घरात येऊन. सासूचं पहिलं वाक्य खाली पडू द्यायचं आणि दुसऱ्याला उत्तर द्यायचं, हे ती पहिल्याच वर्षी शिकली होती.

चटईवर पाच वस्तू होत्या. मशीनला लावायचा एक पाय, वर बारीक स्प्रिंग असलेला. एक चपटी झाकणी. नागमोडी कडांची जाड प्लॅस्टिकची पट्टी. चार पायांचं पारदर्शक टेबल. आणि पांढरे हातमोजे, तळव्यावर निळे रबरी ठिपके असलेले.

"मोजे घालून कोनी शिवते का?" रुक्माबाईचं दुसरं वाक्य आलं. "मांजर मोजे घालून उंदीर धरते का?"

"आई, याले फ्री मोशन म्हनतेत," अल्का म्हणाली. "मोबाइलवर पाहिली मी. साध्या शिलाईत मशीनचे दात कपडा पुढं ओढतेत, म्हनून ते सीधीच चालते. अठी दाताचं काम नाई. सुई आपल्या जाग्यावर खालवर होते, आन कपडा आपन हातानं फिरवाचा. वेल काढा, फूल काढा. लोंब काढा."

लोंब म्हटल्यावर रुक्माबाई गप्प झाली. ती गप्प का झाली हे कळायला कथरीची गोष्ट सांगावी लागेल.

कथरी म्हणजे गोधडी. पण रुक्माबाईची कथरी त्यांच्या दरेकसा गावात कुठेही ओळखू यायची. जुन्या लुगड्यांचे तीन पदर, कडेपासून आत आत जाणारे टाक्यांचे फेरे, आणि एका कोपऱ्यात धानाची लोंब, सात दाण्यांची, डावीकडे झुकलेली. गावात कुणाची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली की सव्वा महिन्याने सासरी जाताना बाळाबरोबर कथरी जायची, आणि तीस वर्षांत त्यातल्या बहुतेक रुक्माबाईच्या हातच्या गेल्या होत्या. कुणाकडून तिने कधी शिलाई घेतली नाही. लुगडी मात्र ती निवडून घ्यायची, नवं कापड असेल तर परत पाठवायची, कारण बाळाच्या अंगाला नवं कापड टोचतं.

आता तिची स्वतःची लेक रेणू ओसरीमागच्या खोलीत पोरीला घेऊन झोपली होती. बारा दिवसांनी रेणू डोंगरगडला आपल्या सासरी जाणार होती. आणि रेणूच्या पोरीची कथरी चार फेरे होऊन पेटीत पडली होती, कारण रुक्माबाईची बोटं वळून बसली होती.

पावसाळ्यातल्या रोवण्यापासून, म्हणजे भातलावणीपासून, हे सुरू झालं. आधी सकाळची आखडायची, दुपारपर्यंत सुटायची. दिवाळी झाली तशी ती सुटेनाशी झाली. सालेकशाच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, त्यांनी ठणका कमी झाला, बोटं उघडली नाहीत. तळहात पसरता यायचा, ताट उचलता यायचं, भाकरही कशीबशी थापता यायची. सुई मात्र चिमटीत धरता यायची नाही. पाचवा फेरा घ्यायला बसली तेव्हा सुई तीनदा निसटली, चौथ्यांदा मांडीत टोचली, आणि रुक्माबाईने कथरी घडी घालून पेटीत ठेवली. रेणूला सांगितलं की डोळे दुखतात. खरं सांगायची तिला लाज वाटली. जिचं नावच कथरीवाली रुक्मा, तिने सुई धरता येत नाही असं कुणाला सांगायचं?

अल्काला तिने सांगितलं नव्हतं. अल्काने विचारलंही नव्हतं. पण पार्सल तर अल्कानेच मागवलं होतं.

"पायजे तं करून पाय," रुक्माबाई शेवटी म्हणाली. "पन सांगून ठेवतो, हत्तीचे खायाचे दात अलग आन दाखवाचे अलग. हे सगरे दाखवाचे हायेत."

तिला माहीत नव्हतं की दातांचा विषय एवढ्यात संपणार नाही.

अल्काची मशीन तिच्या आईकडून आलेली, काळ्या रंगाची, जुनी. लोकेशने तिला मोटर बसवून दिली होती, त्यामुळे जमिनीवरचं पायडल दाबलं की ती चालायची. व्हिडिओतल्या मशीनला दात खाली करायचं एक बटण होतं. या मशीनला ते नव्हतं. ज्यांना नसेल त्यांनी दातांवर झाकणी बसवावी, असं व्हिडिओतल्या बाईने सांगितलं होतं, म्हणून अल्काने झाकणी मागवली. ती बसेना. भोकं जुळत नव्हती. चार पायांचं टेबलही बसेना, ते कुठल्यातरी गोऱ्यागोमट्या नव्या मशीनसाठी बनवलेलं होतं. पाच वस्तूंतल्या दोन पहिल्याच दुपारी बाद झाल्या आणि रुक्माबाईने त्या बोटांवर मोजल्या.

मग अल्काने लोकेशला मशीनचं मुंडकं पोत्यात बांधून दिलं आणि गोंदियाला चंद्रकुमार मिस्त्रीकडे धाडलं. लोकेश कामाचा माणूस, धानाची पोती मोजायला सांगा, चुकणार नाही. पण शिवणाचं त्याला काही कळत नाही, म्हणून तिने चिठ्ठी लिहून दिली. व्हिडिओतली बाई म्हणायची, दात खाली पाडा. अल्काने घाईत लिहिलं: मशीनचे दात पाडून पाहिजेत.

चंद्रकुमार मिस्त्रीने चिठ्ठी दोनदा वाचली.

"भैया, मशीनने किसको काटा क्या?" त्याने विचारलं.

लोकेशने अल्काला फोन लावला. दरेकशात डोंगराआड रेंज असली तर असते, त्या दिवशी नव्हती. मिस्त्री म्हणाला, घासून सपाट करू की काढून देऊ? लोकेशला वाटलं, काढलेले परत लावता येतात, घासलेले कुठून आणायचे. एवढी अक्कल त्याने चालवली, आणि त्यासाठी त्याला मार्क दिले पाहिजेत. मिस्त्रीने दोन स्क्रू सोडले, दातांची ती बोटाएवढी लोखंडी पट्टी काढली, स्क्रूसकट वर्तमानपत्राच्या कागदात बांधली आणि त्याच्या हातात दिली.

"संभाल के रखना. ये पुराने मॉडल का है, जल्दी नहीं मिलता."

लोकेशने पुडी शर्टाच्या खिशात ठेवली. स्टेशनवर भूक लागली म्हणून फुटाण्यांची पुडी घेतली, तीही त्याच खिशात ठेवली. गाडीत फुटाणे खाल्ले. उरलेले मूठभर घरी न्यावे म्हणून पुडी पुन्हा बांधली. सालेकसा सुटल्यावर खिशात काहीतरी टोचलं. त्याला वाटलं, फुटाण्यांत खडा निघाला. पुडी काढली आणि खिडकीबाहेर भिरकावली.

घरी आल्यावर अल्काने हात पुढे केला. लोकेशने ऐटीत पुडी दिली. अल्काने सोडली. आत मूठभर फुटाणे होते.

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण रुक्माबाईने जन्मभर ऐकली होती. ती पॅसेंजर गाडीत बसून खरी करून दाखवणारा माणूस तिच्याच पोटी जन्मलेला निघाला.

"गा, तू फुटाने फेकून दात आनला असता तं काय उपाशी मेला असता?" ती म्हणाली. लोकेश मान खाली घालून दुसऱ्या दिवशी रुळाकडेने चालत गेला आणि दोन तास धोंडे पाहून परत आला. मिस्त्रीला फोन केला, तर त्याने नागपूरहून मागवतो म्हणून सांगितलं, आठ-दहा दिवस तरी लागतील.

अल्काचं मात्र खरंच नुकसान झालं होतं. दोन ब्लाउज, एक परकर आणि अंगणवाडीच्या बाईचा सलवार-कुर्ता तसाच पडला. मशीन चालायची, सुई खालवर व्हायची, पण कापड जागचं हलायचं नाही. दात गेलेल्या माणसासारखी ती नुसती तोंड हलवत होती.

"बोरकी झाली तुई मशीन," रुक्माबाई म्हणाली. झाडीपट्टीत ळ जिभेवर टिकत नाही, बोळकीची बोरकीच होते. आतल्या खोलीत रेणूची पोर होती, तिचंही तोंड बोळकंच, आणि घरात एकदम दोन बोळकी झाल्याचं लोकेश सोडून सगळ्यांना हसू आलं.

आता सरळ शिलाई बंदच होती, तेव्हा अल्का फ्री मोशनच्या मागे लागली. जुन्या चादरीचे तुकडे तिपदरी करून तिने स्प्रिंगचा पाय बसवला. मशीन सुरू केल्यावर तो पाय प्रत्येक टाक्याला टुणकन उडायचा. रुक्माबाईने त्याचं नाव बेडूक ठेवलं. पहिल्या दिवशी कापडाखाली दोऱ्याचं घरटं झालं, दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा सुई मोडली. अल्का वैतागली. रुक्माबाई ओसरीवरून बघत होती. बेडूक तसाही हवेत दिसतो, त्यामुळे पाय कापडावर टेकवणारा मागचा दांडा खाली करायचं अल्का विसरत होती, हे तिला लांबूनच कळलं. अर्धा तास ती मुद्दाम बोलली नाही. मग राहवलं नाही.

"तो मांगचा दांडा खाली कर ना व. घोड्यावर बसली आन लगाम खुंटीले."

दांडा खाली केल्यावर घरटं व्हायचं थांबलं. बेडूक न लावता साध्या पायाने अल्काने एकदा करून पाहिलं, तर टाके सुटले, म्हणजे बेडूक कामाचा होता हे रुक्माबाईला मनातल्या मनात कबूल करावं लागलं. नागमोडी पट्टी मात्र बेडकाखाली सरकून सुईखाली गेली आणि दुसरी सुई मोडली. पट्टी त्याच दिवशी चुलीजवळच्या कोनाड्यात गेली, भाकरीचं पीठ खरवडायला.

तीन दिवसांनी अल्काला वेल जमू लागली. चौथ्या दिवशी तिने तुकड्यावर लोंब काढली आणि सासूपुढे धरली. रुक्माबाईने ती उन्हात धरून पाहिली. दाणे सात होते, पण लोंब ताठ उभी होती.

"ही पोचट हाये," ती म्हणाली. "दाना भरला का लोंब वाकते. सीधी उभी राहते ते बिनदान्याची."

अल्काने आणखी पाच काढल्या. तिच्या सगळ्या लोंबी ताठच यायच्या. तिचा हातच तसा होता.

मंगळवारी रेणू जाणार होती. शुक्रवारी दुपारी रुक्माबाई परसात भांडी घासून आत येत होती, तेव्हा खोलीतून रेणूचा आवाज आला. ती अल्काशी बोलत होती, हळू, पण रागाने.

"गावातल्या बायाईले चार-चार दिवसात करून देत होती माय. बाजूच्या प्रेमिलाच्या पोरीले तं दोन केलन. आन माह्या वेरेसच डोरे दुखतेत. मी काही पागल नाई, वयनी. मायनं माह्या वेरेसच हात आखडता घेतलन."

रुक्माबाई दाराबाहेर उभी राहिली. तिच्या हातात घासलेलं पातेलं होतं, ते तिने दोन्ही तळव्यांत दाबून धरलं होतं, कारण बोटांनी धरता येत नव्हतं. तिला रडू आलं. आत जाऊन बोटं दाखवावीत असं एकदा मनात आलं आणि तिथेच थांबलं. अल्काने आत विषय पोरीच्या झोपेवर नेला. सासूचं गुपित तिने सासूलाच राखू दिलं.

शनिवारी सकाळी डोंगरावरून वारा सुटला आणि कडाक्याची थंडी पडली. अल्का पोरीच्या आंघोळीचं पाणी तापवत होती, रेणू पोरीला तेल लावत होती. रुक्माबाईचे हात गारठून लाकूड झाले होते. मशीनवर ते ठिपक्यांचे मोजे पडले होते. कोणी बघत नाही असं पाहून तिने ते ओढून घातले, निव्वळ उबेसाठी. एकेक बोट आत घालायला तिला बराच वेळ लागला. मग सवयीने तिने पेटी उघडली, कथरी काढली आणि चार फेरे नीट आहेत का बघायला मशीनच्या पाटावर पसरली.

सुरकुती पडली होती म्हणून तिने तळहाताने कथरी सारखी केली. कथरी तळहाताबरोबर सरकली. तिने हात डावीकडे नेला, कथरी डावीकडे गेली. गोल फिरवला, कथरी गोल फिरली. रबराचे ठिपके कापड धरत होते. बोटांना काहीच करायचं नव्हतं, चिमूट लागत नव्हती, नुसता तळवा टेकायचा होता. रुक्माबाईने पुन्हा एकदा फिरवलं, लोंबीच्या देठासारखं, खालून वर आणि मग डावीकडे. कथरी मुकाट्याने तशी गेली.

ती पाटासमोरच्या स्टुलावर बसली आणि तिने हाक मारली.

"अल्का! इकडं ये व. दार लाव आन ये."

अल्का आली. सासूच्या हातातले मोजे तिने पाहिले. तिने नवी सुई लावली, कथरीच्या रंगाचा दोरा ओवला, दांडा खाली केला. मग शेजारी बाजलीवर टेकली आणि पायडल आपल्या पायाखाली ओढलं.

"पाय तुया, हात माहे," रुक्माबाई म्हणाली. "चाल."

पहिल्यांदा काही जमलं नाही. अल्काचा पाय जोरात, रुक्माबाईचा हात हळू, टाके एकमेकांवर चढले. मग हात जोरात आणि पाय हळू, तर एकेक टाका बोटभर लांब पडला. तो तुकड्यावरचा सराव होता म्हणून बरं. अल्का म्हणाली, मी एक-दोन मोजू का? रुक्माबाईने मान हलवली.

"मोजून नाई होत. रोवन्यात कशी चालतेस माह्यासंगं? मी पऱ्हा खोवतो, तू खोवतेस, दोघी संगंच मांगं सरकतो. कोनी मोजते का तठी? तशी चाल."

नऊ पावसाळे त्या दोघी एकाच बांधीत, भाताच्या खाचरात, एकाच ओळीत वाकून धानाची रोपं रोवत आल्या होत्या. एकीचा हात चिखलात गेला की दुसरीचा पाय मागे यायचा, आणि ओळ कधी वाकडी गेली नव्हती. अल्काने डोळे मशीनवरून काढले आणि सासूच्या खांद्याकडे लावले. खांदा हलला की पाय दाबायचा, थांबला की सोडायचा. दुपारपर्यंत टाके रोपांसारखे सारख्या अंतरावर पडू लागले. त्यांनी तुकडा बाजूला टाकला आणि कथरी घेतली.

शनिवारी तीन फेरे झाले, रविवारी पाच. दार लावलेलं असायचं. रेणूला सांगितलं होतं की अल्का ब्लाउजचं काम काढून बसली आहे, मोटरचा आवाज पोरीला नको. रेणूने ते मानलं, किंवा रागाने विचारलं नाही. रुक्माबाईच्या खांद्यांना रात्री कळ लागायची आणि ती कुणाला न सांगता उशी दाबून झोपायची. पण चार महिन्यांत पहिल्यांदा तिला सकाळ व्हायची घाई असायची. ती सुखी होती, आणि हे आपल्या तोंडावर दिसू नये म्हणून अल्कावर जास्तच खेकसत होती.

सोमवारी दुपारी फक्त लोंब उरली. देठ झाला, सहा दाणे झाले. सातव्या दाण्यापाशी दार उघडलं आणि रेणू पोरीला खांद्यावर टाकून आत आली. कडी लावायची अल्का विसरली होती.

रेणूला आधी हसू आलं. आई स्टुलावर, हातात पांढरे मोजे, शेजारी वहिनी एक पाय पायडलवर ठेवून बसलेली.

"माय, हे का? आपरेशन करून राहिली का?"

रुक्माबाई दचकली नाही. तिने सातवा दाणा पुरा केला, डावीकडे झुकवून. अल्काने पाय उचलला. शेवटच्या दोऱ्याला गाठ हवी होती. मशीनच्या टाक्याची शेवटची गाठ रुक्माबाईला हातानेच हवी होती, नाहीतर धुण्यात उसवते, असं ती म्हणायची. तिने मोजे दातांनी ओढून काढले आणि दोरा धरायला गेली.

बोटं जवळ आली, पण टोकाला टोक लागेना. दोरा निसटला. तिने पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा तिने हात पदराखाली घ्यायला ओढला, पण रेणूने पोर अल्काकडे देऊन तो धरला होता.

रेणूने हात उलटा करून पाहिला. बोटं आत वळलेली होती. तिने एक बोट हळूच सरळ करून पाहिलं, रुक्माबाईने ओठ मिटले, रेणूने लगेच सोडलं.

"कधीपासून?"

"रोवन्यापासून."

"सांगतली काऊन नाई?"

"सांगून का बोटं सीधी होनार होती?"

रेणू खाली बसली. तिने कथरीवरून हात फिरवला, चार फेरे हाताचे, त्यांच्या आत आठ मशीनचे, आणि कोपऱ्यात ती झुकलेली लोंब. मग तिचा चेहरा बदलला, शुक्रवारचं तिला आठवलं होतं.

"माय, मी वयनीले म्हनली होती का तू... हात आखडता..."

"आयकली मी," रुक्माबाई म्हणाली. "खोटं नाई बोललीस. आखडलाच हाये."

रेणूने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि रडली. रुक्माबाईने तळहात तिच्या केसांवरून फिरवला. तेवढं तिला येत होतं. मग तिनेच लेकीला ढोसलं.

"उठ. दोऱ्याले गाठ मार. उद्याची गाडी हाये तुई."

गाठ रेणूने मारली.

मंगळवारी दरेकशाच्या स्टेशनवर गाडी नेहमीसारखी मिनिटभर थांबली. लोकेशने पिशव्या चढवल्या. पोर कथरीत गुंडाळलेली होती, नुसतं नाक बाहेर. पुढल्या आठवड्यात लोकेश गोंदियाहून नवे दात घेऊन आला, ते त्याने धाग्यात ओवून गळ्यात बांधून आणले होते, आणि फुटाणे घेतले नव्हते. अल्काने दात बसवले, राहिलेले ब्लाउज पुरे केले. त्याच दिवशी शेजारची प्रेमिला विचारायला आली, मोबाइलवर दिसते ते सगळं सामान मागवावं का.

"बेडूक घे," रुक्माबाईने सांगितलं. "त्याच्याबिगर नाई होत. झाकनी तुया मशीनले बसते का ते आधी पाय. टेबल नको, पट्टी तं अजिबात नको, पीठ खरवडाले चमचा असते घरी. मोजे घे. लोकेश म्हनते, तसेच मोजे मिलमधे पोते उचलनारे घालतेत, सालेकशाच्या हार्डवेरमधे स्वस्तात भेटतेत. पन घे."

"मोज्यानं का होते, रुक्माबाई? तुमीच तं हसत होत्या."

"हसत होती," रुक्माबाई म्हणाली आणि तिने हात पदराखाली घेतले.

त्याच संध्याकाळी डोंगरगडहून रेणूचा फोन आला. पोर दूध पिते, थंडी इकडे कमी आहे, असं सगळं झाल्यावर रेणू म्हणाली की तिच्या सासूने कथरी उलटून पाहिली. टाके पाहिले. मग विचारलं, ही मशीनची की हाताची?

रुक्माबाईने फोन तळव्याने कानाशी दाबला. तीस वर्षांत कुणी तिला हे विचारलं नव्हतं.

"मंग तू का सांगतलीस?"

"हाताची म्हनली," रेणू म्हणाली. "माह्या मायच्या हाताची."

रुक्माबाईने फोन अल्काच्या हाती दिला, कारण तिला पुढचं ऐकू येत नव्हतं. नाक पदराला पुसलं. प्रेमिलाने सकाळी दोन जुनी लुगडी आणून टाकली होती, धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी. ती तिने पाटावर पसरली आणि कोनाड्यात हात घालून मोजे काढले.

"फोन झाला का मशीनचे दात काढजो व," ती अल्काला म्हणाली. "आन पुडीवर नाव लिहून ठेवजो."